वेषांतर आणि व्याकरण : ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ या कादंबरीचा एक विचार

१

इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) यांची ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. ‘डिस्कवर्ल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या एक्केचाळीस कादंबऱ्यांच्या मालिकेतील ही एक होय. या मालिकेतील पृथ्वी तबकडीसारखी सपाट आहे. ती चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. दिग्गज आणि कूर्म यांच्या कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या वाचकास ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु ‘अद्‌भुत’ आणि ‘विनोदी’ ही दोन्ही विशेषणे एकाच ग्रंथास लागली की तो अभ्यासाचा विषय राहत नाही, अशी आपल्या विद्यापीठीय समीक्षेची रीत आहे. या लेखात त्या रीतीस अपवाद करावयाचा आहे.

निमित्त वर्गातील एका प्रसंगाचे झाले. पदव्युत्तर वर्गास भाषांतराचा स्वाध्याय म्हणून या कादंबरीतील काही संवाद मराठीत आणावयास सांगितले होते. कथेची नायिका पॉली पर्क्स ही मुलाचा वेष घेऊन सैन्यात भरती होते. विद्यार्थ्यांची लेखणी तिच्या पहिल्याच वाक्यापाशी अडली. पॉलीने ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’? ‘आले’ म्हणावे, तर कथा तेथेच संपते. ‘आलो’ म्हणावे, तर एका विद्यार्थिनीने विचारल्याप्रमाणे, इंग्रजीतील पॉली खोट्या नावापलीकडे जे खोटे सहसा बोलत नाही, ते मराठीतील पॉलीला वाक्यावाक्यास बोलावे लागते. मग यास अनुवाद म्हणावयाचे काय?

प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले असता कादंबरीच्या गाभ्यापाशी जावे लागते. पुरुषत्व ही युद्धसंस्थेची भाषा आहे, आणि कोणतीही भाषा शिकता येते तशी हीही कोणालाही शिकता येते, हे या कादंबरीचे प्रतिपाद्य आहे. त्यापुढचा विचार अधिक गंभीर आहे. भाषा शिकणारा मनुष्य ती शिकल्यावर पूर्वीचा उरत नाही. या दुसऱ्या विचारामुळे ही कादंबरी केवळ विडंबन राहत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम शीर्षकाचा विचार करू. स्कॉटलंडमधील धर्मसुधारक जॉन नॉक्स याने १५५८ साली जिनीव्हा येथून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. स्त्रियांच्या ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’विरुद्ध फुंकलेला रणशिंगाचा पहिला नाद, असे तिचे नाव. त्या काळच्या इंग्रजीत ‘रेजिमेंट’ म्हणजे राज्यकारभार, सत्ता; आणि ‘मॉन्स्ट्रस’ म्हणजे निसर्गक्रमाविरुद्ध. इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर आणि स्कॉटलंडचा कारभार पाहणारी मेरी ऑफ गीझ यांच्यावर नॉक्सचा रोख होता. त्याच वर्षी एलिझाबेथ गादीवर आली आणि तिचाही रोष त्याने ओढवून घेतला. पुढे ‘रेजिमेंट’चा ‘राज्य’ हा अर्थ लोपला व ‘पलटण’ हा अर्थ उरला. प्रॅचेट यांनी या अर्थांतराचाच विनोद केला आहे. नॉक्सला जे स्त्रीराज्य वाटले ते येथे स्त्रियांची पलटण झाले; आणि कथेच्या अखेरीस तीच पलटण राज्याच्या नाड्या हाती असलेल्यांसमोर उभी राहते, तेव्हा शब्दाचा जुना अर्थ पुन्हा जागा होतो.

मराठीत हा श्लेष साधणे कठीण आहे. ‘स्त्रीराज्य’ म्हटले की प्रमिलेची आणि मच्छिंद्रनाथांची कथा आठवते, पण सैन्य हरवते. ‘पलटण’ म्हटले की सैन्य येते, राज्य जाते. दोन्ही अर्थ एकत्र वाहणारा शब्द आपल्याकडे एकेकाळी होता. ‘दंड’ म्हणजे सैन्य आणि ‘दंड’ म्हणजे शासनसत्ताही. दंडनीती आणि दंडनायक या शब्दांत हे दोन अर्थ अजून दिसतात. पण आजच्या वाचकाच्या कानी ‘दंड’ हा केवळ भरावयाचा असतो. इंग्रजीत जे अर्थांतर झाले त्याच जातीचे अर्थांतर येथेही झाले आहे, इतकेच समाधान.

कथानक थोडक्यात असे. बोरोग्राव्हिया हा एक लहान, हट्टी आणि सतत लढणारा देश आहे. शेजारच्या झ्लोबेनियाशी त्याचे युद्ध चालू आहे. देशाचा देव नगन याच्या धर्मग्रंथात निषिद्ध गोष्टींची यादी आहे, आणि ती वाढतच असते. म्हणून त्या ग्रंथाला नवी पाने जोडण्याची सोय केलेली आहे. मांजर, लसूण, चॉकलेट, निळा रंग अशा गोष्टी तीत येऊन पडल्या आहेत. लोकांना असा देव पुजवेना, म्हणून ते देशाच्या राणीची, डचेसची, प्रार्थना करतात. या डचेसला कित्येक वर्षांत कोणी पाहिलेले नाही. तिची तसबीर मात्र घरोघर आहे, आणि भरती होणारा प्रत्येक सैनिक त्या तसबिरीचे चुंबन घेऊन शपथबद्ध होतो.

पॉली ही एका खानावळवजा सराईच्या मालकाची मुलगी. तिचा भाऊ पॉल लढाईवर गेला तो परतला नाही. धर्माने स्त्रीला मालमत्तेचा हक्क नाकारलेला असल्यामुळे भाऊ न परतल्यास सराई दुसऱ्या एखाद्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. म्हणून पॉली केस कापते, ऑलिव्हर हे नाव घेते आणि भावाच्या शोधार्थ सैन्यात शिरते. ‘पॉली ऑलिव्हर’ नावाचे एक जुने इंग्रजी लोकगीत आहे. प्रियकरामागे सैनिकाच्या वेषात जाणाऱ्या मुलीचे ते गीत होय. वस्तुस्थितीतही अशी उदाहरणे आहेत. हॅना स्नेल ही इंग्रज स्त्री घर सोडून गेलेल्या नवऱ्याच्या शोधात, आपल्या मेहुण्याचे नाव धारण करून नाविक सैन्यात शिरली. १७४८ सालच्या पाँडिचेरीच्या वेढ्यात ती जखमी झाली, आणि १७५० साली तिची हकीकत लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हा कादंबरीचा आरंभ कल्पित असला तरी अशक्य कोटीतील नाही.

अशक्यतेचा प्रवेश पुढे होतो. पॉलीबरोबर भरती झालेले सोबती एकामागून एक स्त्रियाच निघतात. कोणी आपल्याला सोडून गेलेल्या पुरुषास शोधत आहे. कोणी मुलींच्या सुधारगृहातील छळातून पळून आली आहे. कोणास शस्त्रक्रिया करणारा वैद्य व्हावयाचे आहे, आणि ते स्त्रीला वर्ज्य आहे. कोणालाही पराक्रमाची हौस नाही. स्त्री म्हणून जगण्याचा मार्ग जेथे बंद झाला, तेथे सैन्याचा दरवाजा तेवढा उघडा होता, हे प्रत्येकीच्या बाबतीत सारखे आहे.

३

आता भाषेकडे वळू. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही, ‘तू’ला नाही आणि क्रियापदाला तर मुळीच नाही. लिंग आहे ते केवळ तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामात. याचा परिणाम असा की, इंग्रजी बोलणारा मनुष्य स्वतःविषयी कितीही बोलला तरी त्याचे लिंग उघड होत नाही; ते उघड करतो त्याच्याविषयी बोलणारा दुसरा. म्हणून या कादंबरीतील फसवणुकीचा भार पात्रांवर न पडता निवेदकावर पडला आहे. निवेदक पॉलीला पहिल्यापासून ‘ती’ म्हणतो. तिच्या सोबत्यांना मात्र, ज्याचे त्याचे रहस्य पॉलीला कळेपर्यंत, तो ‘तो’ म्हणत राहतो. पॉलीचे अज्ञान हेच निवेदकाचे अज्ञान, हा संकेत तांत्रिक दृष्ट्या निर्दोष आहे. पण त्याचा परिणाम वाचकावर होतो. पॉलीचा वेष आपल्याला ठाऊक असतानाही तिच्या शेजारच्या शिपायाविषयी आपण तीच शंका घेत नाही, कारण एका सर्वनामाने आपल्याला निश्चिंत केलेले असते. सैन्यातील अधिकारी जितके आंधळे आहेत, तितकेच आपणही आंधळे ठरतो.

सर्वनामाच्या या सामर्थ्याची उलट बाजू अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीत पाहावयास मिळते. तेथील गेथेन ग्रहावरील माणसांना स्थिर लिंग नाही, आणि त्या ग्रहावर युद्धही नाही. परंतु लेखिकेने त्या सर्वांसाठी ‘तो’ हेच सर्वनाम वापरले. परिणामी वाचकास ती सर्व माणसे पुरुषच भासत राहिली. या निवडीचे त्यांनी प्रथम समर्थन केले आणि पुढील काळात तिच्याविषयी खेद व्यक्त केला. ले ग्विन यांना जे सर्वनाम नकळत नडले, तेच प्रॅचेट यांनी जाणूनबुजून वाचकास नडावे म्हणून योजले आहे.

याच दृष्टीने सार्जंट जॅक्रम या पात्राच्या बोलण्याकडे पाहावे. हा स्थूल, कावेबाज, नवख्या पोरांवर माया करणारा जुना सार्जंट बोलता बोलता शपथ घेतो आणि आपण अमुक प्रकारचा ‘मॅन’ नाही असे बजावतो; हिंसक नाही, लबाड नाही, असे काहीतरी. प्रथम वाचनात हा निषेध विशेषणाचा वाटतो, आणि सार्जंटचे वर्तन नेमके उलट असल्यामुळे वाचक हसतो. कथेच्या अखेरीस जॅक्रम हीही मूळची स्त्रीच, हे उघड होते. तेव्हा ध्यानात येते की त्या सर्व शपथा अक्षरशः खऱ्या होत्या. निषेध विशेषणाचा नव्हता, नामाचा होता. मराठीत ‘मी काही दुष्ट माणूस नाही’ असे म्हटले तर हा सगळा खेळ नाहीसा होतो. कारण आपल्या ‘माणूस’ शब्दात बाईमाणूसही येते आणि गडीमाणूसही येतो. एका भाषेतील नाम दुसऱ्या भाषेतील नामापेक्षा उदार असले म्हणजे अनुवादकाची अशी अडचण होते.

४

मराठीची घडण याच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे ‘मी’ला लिंग नाही, पण त्याच्या क्रियापदाला आहे. ‘मी जातो’, ‘मी जाते’. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. बोलणाऱ्याने तोंड उघडले की तो स्वतःची साक्ष स्वतःच देतो. तथापि ही साक्ष सर्वत्र सारखी द्यावी लागत नाही, आणि ती कोठे द्यावी लागते व कोठे लागत नाही हे पाहणे उद्‌बोधक आहे.

भविष्यकाळात लिंग नाही : ‘मी जाईन’. आज्ञार्थात नाही : ‘जा’, ‘थांब’, ‘उचल’. प्रथमपुरुषी अनेकवचनात नाही : ‘आम्ही गेलो’ असे पुरुषही म्हणतात, स्त्रियाही म्हणतात. ‘तुम्ही’ या आदरार्थी संबोधनात नाही : ‘तुम्ही आलात’. आता हे सर्व प्रकार एकत्र मांडून पाहावेत. आज्ञा, ‘आम्ही’, वरिष्ठास ‘तुम्ही’ आणि ‘करीन’ अशी प्रतिज्ञा, ही तर सैन्याची बोली झाली. सैनिक जोपर्यंत सैनिकाच्या भाषेत बोलतो तोपर्यंत मराठीतही त्याचे लिंग कळत नाही. तो ‘मी’ म्हणून स्वतःविषयी बोलू लागला की संकट उभे राहते.

भूतकाळात आणखी एक भेद पडतो, तो प्रयोगाचा. अकर्मक क्रियापदे कर्तरी प्रयोगात कर्त्याचे लिंग धारण करतात. सकर्मक क्रियापदे, काही अपवाद वगळता, कर्मणी किंवा भावे प्रयोगात जातात आणि कर्त्याचे लिंग झाकतात. ‘मी तलवार उचलली’, ‘मी किल्ला जिंकला’, ‘मी शत्रूला मारले’ ही वाक्ये कोण बोलले हे सांगता यावयाचे नाही. उलट ‘मी घाबरलो’, ‘मी घाबरले’. ‘मी पळालो’, ‘मी पळाले’. ‘मी रडलो’, ‘मी रडले’. ‘मी हरलो’, ‘मी हरले’. मारणाऱ्याचे लिंग आपले व्याकरण विचारत नाही. मरणाऱ्याचे मात्र ते ‘मेला’ की ‘मेली’ असे विचारते. अर्थात हा सकर्मक-अकर्मक भेदाचा परिणाम आहे. त्यात भाषेचे काही गूढ तत्त्वज्ञान शोधू नये. ‘लढणे’ हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे ‘मी लढलो’, ‘मी लढले’ असा भेद तेथेही होतोच. तरीही अनुवादकाच्या हाती हे एक साधन आहे. पॉली जोवर कृती सांगते तोवर ती सुरक्षित आहे. भीती, थकवा, पराभव सांगू लागली की क्रियापद तिला पकडते. सैन्यात पुरुष म्हणून वावरताना नेमक्या याच गोष्टी लपवाव्या लागतात, हे मूळ कादंबरीतही पॉली शिकत असते. खाकरणे, ढेकर देणे, पाय फाकून बसणे, विजारीत मोजे कोंबणे हे तिच्या शिक्षणातील सोपे धडे होत.

असा प्रश्न पूर्वी कोणास प्रत्यक्षात पडला होता काय? रशियन भाषेतील एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. नादेझ्दा दुरोव्हा (१७८३-१८६६) ही स्त्री पुरुषवेषात रशियन घोडदळात भरती झाली, नेपोलियनविरुद्ध लढली, आणि तिचे रहस्य कळल्यावर झार पहिला अलेक्झांडर याने तिला अलेक्झांड्रोव्ह हे नाव व अधिकारपद दिले. १८३६ साली पुश्किनने तिच्या आठवणींचा काही भाग आपल्या नियतकालिकात छापला. रशियन क्रियापद वर्तमानकाळात लिंग दाखवीत नाही, भूतकाळात दाखवते. आठवणी भूतकाळातच लिहाव्या लागतात. दुरोव्हाने निवेदनात स्वतःसाठी स्त्रीलिंगी रूपे वापरली आणि सैन्यातील संवादांत पुल्लिंगी. एकाच पृष्ठावर एकच व्यक्ती दोन लिंगांत वावरते, आणि वाचकाचा कोठेही गोंधळ होत नाही. पॉलीच्या मराठी अनुवादकास हा मार्ग मोकळा आहे : निवेदनात ‘ती म्हणाली’, अवतरणात ‘मी आलो’.

येथे बोलींचीही दखल घेतली पाहिजे. कोल्हापूरकडील अनेक मुली आणि स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे सहज योजतात. त्यात वेषही नाही आणि फसवणूकही नाही. म्हणजे ‘आलो’ हे रूप पुरुषाचे, हा नियम प्रमाण मराठीचा आहे, मराठीचा नव्हे. ज्या बोलीत हा नियम नाही त्या बोलीतील पॉलीला एकही खोटे वाक्य बोलावे लागले नसते. आणि प्रमाण गद्याचेही काही वेष असतातच. या लेखात आरंभापासून ‘प्रस्तुत लेखक’ असे म्हटले आहे. हे पुल्लिंगी पद शास्त्रीय गद्यात स्त्रियाही वापरतात, पुरुषही वापरतात. वाचकांपैकी कोणी त्यापाशी अडखळले असेल असे वाटत नाही.

५

युद्ध आणि स्त्रिया या विषयावरील उपरोधाची परंपरा जुनी आहे. ॲरिस्टोफनीझच्या ‘लिसिस्ट्राटा’ या नाटकात (इ. स. पू. ४११) ग्रीक स्त्रिया पतींशी असहकार पुकारून युद्ध थांबवितात. तेथे स्त्रीत्व हेच शस्त्र आहे. पुरुष युद्ध करतात, स्त्रिया शांतता आणतात, ही विभागणी तशीच राहते. (त्या स्त्रियांच्या भूमिका पुरुष नटच करीत, ही गोष्ट वेगळी.) गांधर्वयुगाच्या रंगभूमीच्या आठवणी ऐकलेल्या आपल्याकडील वाचकास स्त्रीत्व हेही शिकता येते हे निराळे सांगावयास नको. प्रॅचेट यांनी लेफ्टनंट ब्लाऊझ या पात्राच्या द्वारा तेच दाखविले आहे. हा साधाभोळा, पुस्तकी अधिकारी हौशी नाटकांत स्त्रीभूमिका केलेला असतो; शत्रूच्या ताब्यातील किल्ल्यात शिरावयाची वेळ येते तेव्हा तो परटिणीचा वेष स्वतःहून पत्करतो आणि त्यात यशस्वीही होतो. आपल्या शिपायांत खऱ्या स्त्रिया आहेत, याची त्यास तोवर कल्पना नाही.

पण कादंबरीचा खरा मर्मभेदी प्रसंग किल्ल्यातील चौकशीचा आहे. पकडल्या गेलेल्या या मुलींसमोर देशाचे सेनापतिमंडळ बसले आहे. जॅक्रम उठतो आणि उघड करतो की त्या मंडळातील जवळजवळ एक तृतीयांश अधिकारी, प्रमुख सेनापती फ्रॉक यांच्यासह, पुरुषवेषातील स्त्रियाच आहेत. तोवरच्या विनोदाच्या क्रमाने हा आणखी एक विनोद वाटतो. पण त्याचा अर्थ विचारात घेतला पाहिजे. हे युद्ध वर्षानुवर्षे चालविणाऱ्यांत स्त्रिया होत्या. त्यांनी ते थांबविले नाही. आपल्यासारख्याच वाटेने आलेल्या मुलींची चौकशी करावयास त्या पुरुषांच्या गणवेषात बसल्या. त्यांच्यात दुष्टपणा होता असे लेखकाने सुचविलेले नाही. त्या चांगल्या अधिकारी होत्या, एवढेच. ज्या भाषेत ‘थांबू या’ हे वाक्यच म्हणता येत नाही, ती भाषा त्यांनी इतकी अचूक आत्मसात केली होती की तीत काही उणे आहे याचे भान त्यांना उरले नव्हते.

नॉक्सला स्त्रियांचे राज्य निसर्गविरोधी वाटले होते. त्याच्या उलट टोकास, स्त्रियांच्या हाती सत्ता आली की युद्धे आपोआप संपतील, अशी एक भाबडी समजूत आजही आढळते. प्रॅचेट यांनी एकाच प्रसंगात दोहोंना उत्तर दिले आहे. स्त्री राज्य करू शकते; आणि ती पुरुषासारखेच वाईट राज्यही करू शकते. सत्तास्थानी स्त्रीचा प्रवेश हा न्यायाचा प्रश्न आहे. युद्धाचा अंत हा निराळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न निराळे ठेवण्याचे धैर्य उपरोधकारास क्वचितच होते.

देवाच्या आज्ञांची गोष्ट याच सूत्रात बसते. नगन हा देव जवळजवळ विरून गेलेला आहे, तरी निषेधांची यादी वाढत राहते. लोकांच्या भीतीतूनच ती वाढते. आज्ञार्थाला कर्ता उच्चारावा लागत नाही, हे प्रत्येक वैयाकरणास ठाऊक आहे. बोलणारा नाहीसा झाला तरी आज्ञा उरते, हे बोरोग्राव्हियाचे राजकारण आहे.

६

कादंबरीत उणिवा आहेत. रहस्यस्फोटाची पुनरावृत्ती मध्यंतरानंतर यांत्रिक होते. चौथा-पाचवा शिपाई स्त्री निघतो तेव्हा वाचकास आश्चर्याऐवजी मोजदादीचा आनंद उरतो. डचेस एका भाविक मुलीच्या मुखाने बोलते आणि सेनाधिकाऱ्यांना युद्धातून परत फिरविते, तो प्रसंग प्रभावी असला तरी दैवी हस्तक्षेपाचाच आहे. जे काम उपरोधाने व्हावयाचे ते चमत्काराकडे सोपविले गेले. लेखकालाही हे जाणवले असावे, कारण तहानंतर पुन्हा लढाईची चिन्हे दिसू लागतात आणि पॉली सार्जंट म्हणून पुन्हा निघते. मात्र या वेळी तिला वेषाची गरज वाटत नाही.

सर्वांत मोठी उणीव पॉलीच्या भावाविषयीची आहे. पॉल हा पक्ष्यांची चित्रे काढणारा, भोळा, मऊ स्वभावाचा मुलगा. सैन्याची भाषा पॉलीला जितकी परकी तितकीच, किंबहुना अधिक, त्याला परकी असली पाहिजे. पण तो पुरुष असल्यामुळे ती त्याची मातृभाषाच, असे गृहीत धरून त्याला लढाईवर नेले गेले. पॉलीचे शिक्षण आपण पानोपानी पाहतो. पॉलचे काय झाले हे कादंबरी जवळजवळ सांगत नाही. तो शोधावयाची वस्तू म्हणून कथेत येतो आणि सापडला की बाजूस होतो. पुरुषत्व शिकावे लागते हे एकदा मान्य केले, तर ते पुरुषांनाही शिकावे लागते, आणि न शिकू शकणाऱ्या पुरुषांचे काय होते, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रॅचेट यांच्या प्रतिपादनाने तो उपस्थित केला आहे. त्यांच्या कथानकाने मात्र तो पुरता घेतलेला नाही.

अखेर जॅक्रमकडे परत येऊ. सार्जंटपद सुटल्यावर कोठे जावे, हा प्रश्न त्याच्यापुढे आहे. फार पूर्वी मागे ठेवलेला मुलगा आता मोठा झाला आहे. त्याच्या दारी एक स्थूल, तंबाखू चघळणारी म्हातारी ‘मी तुझी आई’ म्हणून उभी राहिली, तर तो काय म्हणेल? पॉली सुचविते की आई म्हणून जाऊ नये. पदके मिरविणारा जुना सैनिक, बाप म्हणून जावे. हा सल्ला विनोदी आहे, व्यवहार्य आहे, आणि कादंबरीतील सर्वांत करुण क्षणही हाच आहे. एका जन्माचे मातृत्व त्यात मुके राहते. पण ‘बाप’ म्हणून येणारा जॅक्रम खोटे बोलत आहे, असेही म्हणवत नाही. सारे आयुष्य तो तसाच जगला. दुरोव्हाही सैन्य सोडल्यानंतर संभाषणात स्वतःविषयी पुल्लिंगीच बोलत असे.

वर्गातील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास उत्तर येथे मिळते. पॉलीचे पहिल्या रात्रीचे ‘मी आलो’ हे खोटे आहे, आणि अनुवादकाने ते खोटे वाटेल असेच लिहावे. तेथे तिची जीभ किंचित अडखळू द्यावी. ज्या सोबत्याचे रहस्य उघड होते, त्याच्या तोंडचे ‘आलो’ आपसांत बोलताना ‘आले’ होऊ द्यावे. इंग्रजीत जो बदल निवेदकाच्या सर्वनामात घडतो तो मराठीत पात्राच्या मुखी घडेल, आणि त्या मुली एकमेकींसमोर प्रथमच आपल्या क्रियापदात बोलतील. हे मूळ कादंबरीस साधलेले नाही, कारण इंग्रजीस ते शक्य नाही. सेनापती फ्रॉक यांचे ‘आलो’ चौकशीच्या दालनात क्षणभर ‘आले’ व्हावे की नाही, हे अनुवादकाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे. आपल्याला वाटते, होऊ नये. जॅक्रमचे ‘आलो’ मात्र शेवटपर्यंत बदलू नये. मुलाच्या दारी उभे राहून त्याने ‘मी आलो’ म्हणावे, आणि वाचकास त्यात खोटे शोधता येऊ नये.